येतो म्हणून गेला

पोपटकाका निघताना "येतो" का म्हणत नाय, नुसतं "निघतो" म्हणून चपला का शोधायला लागतो, असं काल रघूने सरूला विचारलं. सरू म्हणाली, "काकाला परत कोण बोलावतंय म्हणून."

बरं. हसून घ्या मला. लाइट गेलेली आहे, अंधारात डोळे आखता येत नाहीत, तेव्हा आज हे पन्नास गणपती बिनडोळ्यांचेच बसणार आणि तुम्ही रिकामे. रघू रविवारी मुंबईला खोली बघायला जाणार आहे, त्याने जरा पुढे सरकावं. बाकीच्यांनी ब्रश पाण्यात ठेवा, नाहीतर वाळतील.

माझ्या गोष्टीतली भुतं बिडी मागतात, सुकटीची चटणी मागतात, एकाने तर मला अलिबागच्या एसटीची वेळ विचारली होती. ते सगळं सोडून द्या. ही गोष्ट माझी नाही, जनूची आहे. जनू म्हणजे धरमतरकडच्या खाडीकाठच्या खारीतला, माझ्या मेहुण्याच्या वर्गातला. त्याला थाप मारता येत नाही. शाळेत "पोट दुखतंय" म्हणायचा तेव्हा आधी स्वतःच हसायचा.

एक डिसेंबर, दोन हजार अठरा. शनिवार. आता म्हणाल अमावास्या असेल. नव्हती. कार्तिक वद्यातली नवमी, चंद्र उगवायला रात्रीचा एक वाजायचा.

जनू संध्याकाळच्या एसटीने मुंबईहून पेणला आला तो एकाच कामासाठी. भाड्याचं घर रिकामं करून द्यायचं होतं. चिंचपाड्याच्या मागे दोन खोल्यांचं बैठं घर, वर कौलं, दाराला एक पायरी. एकच पायरी, हे लक्षात असू द्या. पहाटे पाचला टेंपो येणार होता. त्याच्या आत भांडी, गाद्या, पोरीची सायकल, सगळं बांधून दाराशी आणायचं. हातात आख्खी रात्र होती. घाई नव्हती.

घाई नव्हती, पण जीवाला घोर होता. तो असा, की त्याची बायको शांती सहा महिने रोह्याला माहेरी राहिली होती, पोरगी पुतळीला घेऊन. जनूचं नागोठण्याकडच्या एका कंपनीतलं काम सुटलं आणि मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं लागलं, तेव्हापासून. मुंबईत तो सात जणांत एक खोली करून राहत होता. राहत होता म्हणजे, ज्याची रात्रपाळी असेल त्याच्या जागेवर झोपत होता. दिवसभर पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या लिफ्टा चढवायच्या-उतरवायच्या, प्रत्येक मजल्यावर दारं, दाराला पाट्या, आतून कुकरच्या शिट्ट्या. आणि रात्री शांतीला फोन करायचा तर जिन्यात येऊन बसायचं, कारण खोलीत कुणी ना कुणी झोपलेलं. पुतळी विचारायची, "बाबा, तुझं घर कसं हाय?" जनू म्हणायचा, "जिन्यासारखं."

शेवटी शांतीने सांगून टाकलं. "रविवारी सकाळच्या रोहा-दिवा गाडीने पोरीला घेऊन निघते. खोली तयार नसली तर दिव्यावरनंच मागे फिरंन. मग पोरगी रोह्यालाच शिकंल, आणि तू रहा तुझ्या जिन्यात." शांती बोलते ते करते. तिच्या माहेरी विचारा कुणालाही.

तर खोली मिळाली होती, कळव्याला. आता ती कशी मिळाली ते ऐक रघू, पुढचं सगळं त्यातच आहे.

खोल्या दाखवायला सईदभाई होता. रोह्याकडचाच माणूस, भाऊ सौदीत, हा मुंबईत दलाली करतो. सरळ माणूस. त्याने जनूला पहिल्याच दिवशी शिकवलं, "जनूभाई, खोली बघताना तोंड बंद ठेवायचं आणि चारच गोष्टी विचारायच्या. पाणी किती वाजता येतं. संडास कुठं. शेजार कसा. आणि आधीचा माणूस का गेला. चौथ्याचं उत्तर देताना मालकाच्या तोंडाकडे बघायचं."

नालासोपाऱ्याची खोली चांगली होती, पण तिथून कामावर जायचं तर पहाटे चारला उठा. घाटकोपरची पिठाच्या गिरणीवर होती, भिंतीला हात लावला तर हात थरथरायचा. मग नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात सईदभाई त्याला शिवडीला घेऊन गेला. जुनी चाळ, चौथा मजला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि लिफ्ट नाही. सईदभाई खालीच थांबला, म्हणाला, "माझे गुडघे गेल्या वर्षी वर जाऊन आलेत, तू जा."

दार उघडंच होतं. आत एक म्हातारी. धोंडुबाई. नवरा गिरणीत होता, तो गेलेला. मूलबाळ नाही. दीड खोली, त्यातली एक द्यायची होती. जनूने दारातूनच "हाय का कोण?" म्हटलं, आणि ती चुलीवरचं दूध उतू गेल्यासारखी धावत आली.

"कुठला रे तू?"

"पेणचा. म्हंजे धरमतरकडचा."

"आणि मी रोह्याची. ये, आत ये. चप्पल काढू नको, फरशी गार हाय."

चहा केला. खिडकी उघडून दाखवली. खाली खाडी, चिखल, बगळे. "वास घे," म्हणाली, "आपलाच हाय. म्हणून तर मी ही खोली सोडली नाय." जनूने सईदभाईचे चार प्रश्न विचारले. पाणी सकाळी सहाला, पाऊण तास. संडास जिन्याशेजारी, चौघांत एक. शेजार आधी होता, आता अर्ध्या खोल्यांना कुलपं. आणि आधीचा माणूस का गेला म्हटल्यावर म्हातारी हसली. "आधीचा कोण नाय. तूच पयला."

भाडं विचारलं तर म्हणाली, तुला सोसंल ते दे. बायको आण, पोरगी आण, रात्री कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज आला की मला झोप लागंल. भिंतीवरच्या खिळ्यावरची आपली कापडी पिशवी काढून तिने तो खिळा मोकळा केला. "हा तुझ्या शर्टाला." मग एक चावी काढली, लाल चिंधी बांधलेली. "घे."

जनू म्हणाला, "चावी राहू दे मावशे, नंतर घेईन." आणि उठला. बायकोला विचारायला नको का?

म्हातारी दारापर्यंत आली. विचारलं, "मग येतोस ना?"

आणि जनू निघायच्या घाईत, उंबऱ्यावर पाय, आपण सगळे निघताना म्हणतो तसं म्हणाला, "येतो हां मावशे."

लक्षात आलं का, सरू? त्याने निरोप घेतला. तिने उत्तर ऐकलं.

दुसऱ्या मजल्यावर आल्यावर जनूच्या डोक्यात उजेड पडला. थांबला. वर बघितलं. म्हातारी कठड्यावरून वाकून हात हलवत होती. आता परत दोन मजले चढायचे, आणि काय सांगायचं, की मावशे, मी येतो म्हणालो, पण तसा येतो नाय? लाज वाटली. फोन करून सांगू म्हणाला, आणि उतरला.

रात्री जिन्यात बसून शांतीला फोन केला. ती म्हणाली, "अनोळखी म्हातारीचं हगणंमुतणं काढायला मी मुंबईला येऊ का?" विषय मिटला. कळव्याची खोली ठरायला पुढे तीन महिने गेले. म्हातारीला कळवायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू... आणि मग इतके दिवस झाले की सांगायचीच लाज वाटायला लागली. तुमच्याही फोनमध्ये असेल असा एखादा नंबर.

तर आता पेण. एक डिसेंबरची रात्र.

साडेअकरापर्यंत जनूने सगळं बांधलं. दोन्ही खोल्यांतले बल्ब त्याचे स्वतःचे होते, तेही काढून गाद्यांच्या बोचक्यात घातले. मग अंधारात बोचक्यांमध्ये चटई टाकून पडला. रिकाम्या घराला आवाज असतो, तुम्ही बघा कधी. आपण कूस बदलली की भिंतीही बदलतात. तिथे पुतळीचा जन्म झाला होता. दाराच्या चौकटीवर तिची उंची पेन्सिलने आखलेली, पाच रेघा. ती चौकट काही बोचक्यात बांधता येत नव्हती.

डोळा लागला असेल नसेल. एक वाजून वीस मिनिटं, मोबाइलवर बघितलं त्याने. कडी वाजली.

एकदाच.

टेंपोवाला इतक्या लवकर? उठला, दार उघडलं. नुकताच चंद्र वर आला होता, समोरच्या कौलांवर पिवळट उजेड. पायरीवर एक बाई. हातात कापडी पिशवी. डोक्यावरून पदर, तोंड सावलीत.

"घर रिकामं होतंय ना?"

"व्हय. पण..."

"बघायला आले."

जनूला वाटलं, घरमालकाने कुणाला तरी सांगितलं असेल. रात्रीची गाडी उशिरा आली असेल, आता सकाळपर्यंत कुठे जाईल बिचारी. बाजूला झाला. ती आत आली. त्याने मोबाइलचा उजेड लावला तसा ती म्हणाली, "नको रे. डोळ्याला लागतो."

बंद केला.

ती खोलीभर फिरली. अंधारात, एवढ्या बोचक्यांतून. कुठेही पाय अडला नाही. साडीची सळसळ पुढे जायची, थांबायची, पुढे जायची. मग आतल्या खोलीतून आवाज आला.

"पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी... सातला."

"बरं."

सळसळ. भिंतीवर हात फिरवल्याचा आवाज.

"संडास कुठं?"

"मागच्या दारी."

"शेजार कसा हाय?"

"चांगला हाय."

"चांगला हाय," ती म्हणाली. "नशीब काढलंस."

आतली सळसळ थांबली. आणि जनूच्या लक्षात आलं... आता कुठला प्रश्न राहिला आहे ते.

त्याने दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. दोन पावलं. पण तेवढ्यात सळसळ जवळ आली.

ती बाहेरच्या खोलीत आली. त्याच्या समोर उभी राहिली. हातभर अंतर. ओल्या चिखलाचा वास. खाडीचा.

"आणि आधीचा माणूस," ती हळू म्हणाली, "का गेला?"

जनूने मागे सरून भिंत धरली.

"सांग की. तू मला विचारलंस तवा मी सांगितलं."

"मावशे..."

"नाय सांगायचं तर राहू दे." रागाने नाही. दमलेल्या माणसासारखं. मग खिडकीशी गेली. "हितनं खाडी नाय दिसत," म्हणाली. भिंतीवरचा खिळा चाचपला, ज्याच्यावर सहा वर्षं जनूचा शर्ट असायचा. तिथे थांबली. काहीतरी खुळखुळलं.

परत दाराशी आली. उंबऱ्यावर.

"मग येतोस ना?"

...

जनू सांगतो, की त्या वेळी त्याच्या तोंडात दोन्ही शब्द होते. हो पण आणि नाही पण. हो म्हटलं तर कुठे जावं लागेल, ठाऊक नाही. नाही म्हणायला तीन महिने होते, तेव्हा म्हटलं नाही. आता कुठल्या तोंडाने?

...

तिने वाट बघितली. तिला सवय होती.

"बरं," म्हणाली. "येते."

आणि उतरली.

पायरी एक होती ना? जनूने पाऊल ऐकलं. मग दुसरं ऐकलं. मग तिसरं. कठड्याला हात घासत, दम खात, एक म्हातारी जिना उतरत होती. बैठ्या घराच्या दारात. चौथी पायरी. दहावी. मध्ये थांबायची, तेवढंच शांत... परत पाऊल. आवाज खाली खाली गेला. चार मजल्यांएवढा वेळ.

मग काहीच नाही.

जनू बोचक्यांमध्ये जाऊन बसला, दार लावायला पहाटेपर्यंत उठला नाही.

पाचला टेंपोवाला मोरू आला. त्याने हाका मारून जनूला बोचक्यांमधून काढलं, "रात्री घेतलीस का?" म्हणून विचारलं. सामान चढलं. शेवटी मोरू हातात बॅटरी घेऊन आत एक फेरी मारून आला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "अरे, चावी राहिली तुझी खिळ्याला."

लाल चिंधीची.

जनूने तिथेच पायरीवर बसून सईदभाईला फोन लावला. सईदभाई नमाजला उठलेलाच होता.

"धोंडुबाई? जनूभाई, ती गेली. नवरात्रात. दारातल्या खुर्चीवर बसलेली सापडली. मी तुला मुद्दाम नाही सांगितलं."

"मुद्दाम का?"

"तुझ्यानंतर मी चार गिऱ्हाइकं नेली तिच्याकडे. चारही परत पाठवली. म्हणायची, खोली दिली, माझा माणूस येतो म्हणून गेलाय. मी समजावलं, मावशी, तो निघताना म्हणाला तसं. तर मला म्हणते, तू रोह्याचा असून तुला येतो कळत नाय?"

"आणि... चावी?"

"एकच सापडली. दुसरी तुझ्याकडे असल्याचं सांगायची ती."

आता इथे जनूपुढे दोन रस्ते होते. पेणहून सरळ कळवा, साडेआठला दिव्याला शांती उतरणार, खोली तयार, विषय संपला. नाहीतर वाशीवरून आधी शिवडी. त्यात दीड-दोन तास गेले तर शांती फलाटावर पेटीवर बसून घड्याळ बघणार, आणि परतीच्या गाडीत चढणार. शांती बोलते ते करते, सांगितलं ना.

जनूने मोरूला सांगितलं, "शिवडीवरून घे."

मोरूने शिव्या दिल्या, डिझेलचा हिशोब सांगितला, आणि घेतला.

चाळीसमोर टेंपो उभा करून जनू एकटा वर गेला. चार मजले. चौथ्यावर सगळी दारं बंद. धोंडुबाईच्या दाराला बाहेरून नवं कुलूप, मोठं, चकचकीत, चाळीच्या लोकांनी लावलेलं. हातातली चावी त्या कुलपाची नव्हतीच. जनू तिथे उभा राहिला. किती वेळ, माहीत नाही. मग खाली वाकून चावी उंबऱ्यावर ठेवली.

उठला. आणि जिभेवर आलाच तो शब्द. जन्मभराची सवय. जनूने आपलं तोंड आपल्याच हाताने दाबून धरलं. मग हात काढून म्हणाला,

"आलो होतो, मावशे."

आणि उतरायला लागला. तिसऱ्या मजल्यावर पोचला असेल. वरून आवाज आला. लहानसाच. आतून कडी लावल्याचा.

तो थांबला नाही.

दिव्याला पोचायला पावणेदहा झाले. शांती पेटीवर बसली होती, पुतळी तिच्या मांडीवर झोपलेली, हातात परतीचं तिकीट. जनूचं तोंड बघितलं आणि भांडायचं विसरली. त्याने फलाटावरच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "रोह्याची होती, हे मला आधी नाय सांगायचं का? तू म्हणालास, एक म्हातारी हाय." तिकीट फाडून टाकलं, पेटी उचलली. आता कळव्यालाच आहेत तिघं. खोलीत सकाळी ऊन येत नाही, पण कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज असतो.

सईदभाईला मात्र राहवलं नाही. सोमवारी तो आपले गुडघे घेऊन चार मजले चढला. बाहेरचं कुलूप होतं तसंच होतं, आणि चाळीतल्या माणसाने त्याला छातीठोक सांगितलं की दिवाळीपासून ते कुणी उघडलेलं नाही. उंबऱ्यावर चावी नव्हती.

चिंधी होती. लाल. अर्धी बाहेर, अर्धी दाराच्या आत, फटीत घट्ट धरलेली. सईदभाईने वाकून ती ओढून बघितली.

आतून कुणीतरी हलकेच परत ओढली.